रात्री तापणारा वरचा मजला: एका गच्चीच्या उष्णतारोधनाचा प्रकरण अभ्यास

वरच्या मजल्यावरचे घर. डोक्यावर ९ मीटर बाय १० मीटरची सपाट गच्ची, म्हणजे ९० चौरस मीटर. स्लॅब १२५ मिमी जाडीचा, खालून १२ मिमी गिलावा, वर विटांच्या तुकड्यांचा ६० मिमी कोबा आणि त्यावर जुन्या डागडुज्यांत ओतलेला सिमेंटचा आणखी ४० मिमी थर. भिंती २३० मिमी विटांच्या. खिडक्या सरकत्या, ॲल्युमिनियमच्या, एकेरी ५ मिमी काचेच्या. एकूण १२ चौ.मी., त्यांपैकी ३.६ चौ.मी. पश्चिमेकडे. १४ चौ.मी.च्या झोपायच्या खोलीत दीड टनाचा एसी, बाकी घरभर पंखे. उन्हाळा कोरडा, दुपारी ४० अंशांपर्यंत जाणारा; त्यानंतर जोरदार पाऊस.

तक्रार दुपारची नाही, रात्रीची आहे. बाहेर हवा सुटते, अंगणात बरे वाटते, पण घरात आठ वाजल्यापासून मध्यरात्र उलटेपर्यंत बसवत नाही. पंखा लावला की गरम वारा अंगावर येतो. एसी २४ अंशांवर ठेवला तरी पहिले दोन-तीन तास कॉम्प्रेसर थांबत नाही. घरच्यांपुढे तीन सूचना होत्या: दोन टनांचा एसी घ्या, छताला आतून ‘उष्णतारोधक’ रंग लावा, किंवा फॉल्स सीलिंग करून टाका.

या तिन्हींपैकी एकही का निवडली नाही आणि त्याऐवजी काय केले, त्याचा हा हिशेब. पुढचे उष्णतेचे आकडे गणिताने काढलेले आहेत. साहित्याचे गुणधर्म आणि हवामान यांची नेहमीची मूल्ये धरली आहेत. तुमच्या घरासाठी मूल्ये बदलून तेच गणित करता येते.

उष्णता नेमकी कुठून येते

खर्चाला हात घालण्याआधी एक इन्फ्रारेड थर्मामीटर आणि खोलीच्या हवेचे तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर एवढे पुरते. लागोपाठ तीन निरभ्र दिवस छताचा मधला भाग, पश्चिमेची भिंत आणि खिडकीची काच यांची नोंद दुपारी चार, रात्री नऊ आणि सकाळी सहा वाजता घ्यायची, सोबत खोलीची हवा. खोली चार-पाच वाजता सर्वांत गरम होऊन सूर्यास्तानंतर लवकर निवत असेल तर दोष खिडकीचा. छत रात्री नऊला दुपारइतकेच किंवा जास्त गरम असेल आणि पहाटेपर्यंत हळूहळू उतरत असेल तर दोष स्लॅबचा. इन्फ्रारेड थर्मामीटर रंगवलेल्या छतावर आणि गिलाव्यावर बरोबर चालतो. चकचकीत धातूवर तो धातूचे नव्हे, त्यात प्रतिबिंबित झालेल्या वस्तूंचे तापमान दाखवतो. तिथे रंगकामाच्या कागदी टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरावा. काचेतून आरपार काही मोजता येत नाही.

या घराची लक्षणे उघडउघड स्लॅबची आहेत. स्लॅब आणि त्यावरचे थर मिळून २२५ मिमी जड साहित्य आहे. वरच्या पृष्ठभागावरचा दुपारचा ताप एवढ्या जाडीतून खाली पोहोचायला पाच-सहा तास लागतात. दुपारी एक-दोनचे ऊन रात्री सात-आठला छताखाली उतरते ते यामुळे.

वरच्या बाजूला किती ताप असतो? हवा ४० अंश, आडव्या पृष्ठभागावर ऊन चौरस मीटरला ९०० वॉट, आणि करड्या सिमेंटने त्यातले ७० टक्के शोषले असे धरू. पृष्ठभागावरून वारा आणि प्रारण मिळून दर अंशाला सुमारे २० वॉट बाहेर नेतात. म्हणजे उन्हामुळे साडेएकतीस अंशांची भर पडते, आकाशाकडे होणाऱ्या प्रारणामुळे साधारण ४ अंश वजा होतात. गच्चीच्या दृष्टीने बाहेरचे तापमान, म्हणजे परिणामी तापमान, ४० नाही, ६७ अंश आहे.

आता थरांचा रोध मांडू, म्हणजे प्रत्येक थर उष्णतेला किती अडवतो ते; आकडा मोठा तितके चांगले. आतल्या हवेचा पापुद्रा ०.१७ (उष्णता वरून खाली येताना), गिलावा ०.०२, स्लॅब ०.०८, कोबा आणि वरचा थर मिळून ०.१२५, बाहेरचा पापुद्रा ०.०४. बेरीज सुमारे ०.४३, आणि तिचा व्यस्त म्हणजे यू-मूल्य २.३: एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमधून २.३ वॉट. सव्वाशे मिमी काँक्रीटचा वाटा फक्त ०.०८ आहे, हे नीट पाहावे. जाड स्लॅब म्हणजे थंड घर ही समजूत इथेच गळून पडते. काँक्रीट उष्णता अडवत नाही, साठवते.

चोवीस तासांची सरासरी घेतली तर हवा ३३ अंश आणि ऊन चौरस मीटरला २८० वॉट धरून गच्चीचे सरासरी परिणामी तापमान ३८.८ येते. आत २७ अंश हवे असतील तर फरक ११.८ अंशांचा. संपूर्ण छतातून सरासरी सुमारे २,४६० वॉट, दिवसाला ५९ युनिट इतकी उष्णता. (ही उष्णता आहे, विजेचे बिल नव्हे, एसी एका युनिट विजेत तीन-साडेतीन युनिट उष्णता बाहेर टाकतो.) याच पद्धतीने पश्चिमेची २३ चौ.मी. भिंत तपासली तर सरासरी ४५०-४६० वॉट निघतात. छताचा वाटा तिच्या पाचपट आहे.

पश्चिमेच्या खिडक्या मात्र सरासरीत लपतात. दुपारी चारच्या सुमाराला उभ्या पश्चिम काचेवर ६५० वॉट प्रति चौ.मी. ऊन आणि साध्या काचेतून त्यातले ८० टक्के आत, असे धरले तर ३.६ चौ.मी.मधून जवळपास १,९०० वॉट येतात. दीड टनाच्या एसीची क्षमता सुमारे ५,३०० वॉट; एक तृतीयांशाहून जास्त क्षमता दोन खिडक्याच खातात, दोन-तीन तास का होईना.

म्हणून क्रम असा ठरला: छत, मग पश्चिमेच्या खिडक्या, मग फटी. भिंतींना उष्णतारोधन नाही. पश्चिमेच्या भिंतीला पुढच्या रंगकामात फिकट रंग, बस.

मोठा एसी का नाही

चौदा चौ.मी. खोलीवरचा स्लॅब आणि त्यावरचे थर एक अंशाने थंड करायचे तर सुमारे १.६ युनिट उष्णता काढावी लागते. छत पाच अंशांनी उतरवायचे म्हणजे ८ युनिट. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने चालला तरी एवढ्यालाच दीड तास जातो, आणि तेही त्या वेळात दुसरी कुठलीच उष्णता येत नाही असे मानून. कॉम्प्रेसर थांबत नाही याचे कारण हे. दोन टनांचे यंत्र हवा लवकर गार करील, पण वरून शेकणारे छत तसेच राहील. शरीराला जाणवणारे तापमान हे साधारणपणे हवा आणि सभोवतालचे पृष्ठभाग यांची सरासरी असते. हवा २६ आणि छत-भिंती सरासरी ३२ असतील तर झोपणाऱ्याला २९ अंशांसारखे वाटते. मग एसी २२ वर आणला जातो, पहाटे छत निवते, आणि कोणीतरी थंडीने उठून पांघरूण शोधते.

आतून लावायच्या रंगाचा हिशेब एका ओळीत होतो. रंगाची जाडी फार तर १ मिमी. तो थर्माकोलच्या जवळपास रोधक आहे असे उदारपणे मानले तरी रोध ०.०२ ते ०.०३. वरच्या ०.४३मध्ये तेवढी भर. तसाच प्रकार चकचकीत ॲल्युमिनियम पत्र्याचा. तो काम करतो, पण त्याच्या चकचकीत बाजूला किमान २० ते २५ मिमी मोकळी हवा असेल तरच. सिमेंटमध्ये किंवा दोन फरश्यांमध्ये दाबून बसवलेल्या पत्र्यातून उष्णता सरळ पार जाते. हे इतक्या ठिकाणी चुकते की कारागीर ‘फॉइल टाकतो’ म्हणाला तर हवेची पोकळी कुठे आहे हे आधी विचारावे.

वरून की खालून

खरा वाद हा होता. फॉल्स सीलिंगमध्ये रॉकवूल (खनिज तंतूंचा कापसासारखा थर) टाकले तर खोली लवकर गार होते, कारण एसीला स्लॅब गार करावा लागत नाही. एसी फक्त रात्री, एकाच खोलीत चालतो, म्हणजे कागदावर हा युक्तिवाद खालच्या उष्णतारोधनाच्या बाजूचा आहे. इमारतीची गच्ची सामायिक असेल, वर काम करायची परवानगी नसेल, तर हाच एक मार्ग उरतो आणि तो वाईट नाही.

इथे गच्ची मालकीची आहे, आणि वरून करण्याची तीन कारणे जड ठरली. पहिले, खाली रोधन केल्यावर स्लॅब आणखी तापतो. त्याचे दिवसरात्रीचे प्रसरण-आकुंचन तसेच राहते, आणि गच्चीच्या भेगा व गळती यांचे मूळ बऱ्याच अंशी तिथे असते. दुसरे, बाकीच्या खोल्यांत एसी नाही. तिथे स्लॅब रोधनाच्या आत, सावलीत राहिला तर त्याच वस्तुमानाचा उपयोग उलटा होतो: रात्री खिडक्या उघडून तो गार करता येतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो खोलीतली उष्णता शोषतो. तिसरे, गच्चीचे वॉटरप्रूफिंग तसेही करायचेच होते.

वरून केल्याचा एक तोटाही आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. उघडा स्लॅब रात्री आकाशाकडे उष्णता टाकतो. रोधनाखालचा स्लॅब ते करू शकत नाही. माणसे, फ्रिज, स्वयंपाक यांची आतली उष्णता बाहेर घालवायला खिडक्या आणि एक्झॉस्ट पंखा हेच मार्ग उरतात. रोधन केल्यावर रात्री घर बंद ठेवणाऱ्यांना पहिल्या उन्हाळ्यात ‘फरक पडला, पण म्हणावा तसा नाही’ असे वाटते ते यामुळे.

जाडी किती

रोधनासाठी एक्सपीएस, म्हणजे बंद पेशींच्या पॉलिस्टायरीन फोमच्या कडक पाट्या घेतल्या. त्यांची उष्णतावाहकता ०.०३३ धरली तर यू-मूल्य असे उतरते:

काहीच नाही: २.३
२५ मिमी: ०.८४
५० मिमी: ०.५१
७५ मिमी: ०.३७
१०० मिमी: ०.२९

पहिल्या २५ मिमीत जवळपास दोन तृतीयांश गळती थांबते. शेवटच्या २५ मिमीला ०.०८ मिळतात. घरभर, दिवसभर एसी चालणारा असता तर ७५ मिमी योग्य ठरले असते. इथे ५० मिमी.

रंगाचा परिणाम जाडीशी जोडून पाहावा लागतो. पांढऱ्या पृष्ठभागाने फक्त ३० टक्के ऊन शोषले असे धरले तर दुपारचे परिणामी तापमान ६७वरून ५०च्या आत येते. दिवसभराच्या हिशेबात, सध्याचे ५९ युनिट फक्त पांढऱ्या रंगाने ३१ होतात, फक्त ५० मिमी रोधनाने १३, आणि दोन्ही केल्यास ७. हात आखडता असेल तर आधी गच्ची पांढरी करावी. निम्मे काम तेवढ्यात होते. पण पांढऱ्या गच्चीवर धूळ आणि शेवाळ बसते, तेव्हा तिचा गुण घटतो. दर उन्हाळ्याच्या तोंडावर ती ब्रशने धुवावी लागते. खालचे रोधन मात्र धूळ बसली म्हणून कमी होत नाही.

साहित्य एक्सपीएसच का? थर्माकोल स्वस्त असतो आणि कोरड्या जागी चांगला चालतो, पण त्याच्या मण्यांमधून पाणी शिरते. इथे पाट्या वॉटरप्रूफिंगच्या वर, म्हणजे पावसाच्या पाण्यात राहणार आहेत. ओल्या थर्माकोलचा रोध घटतो आणि तो पुन्हा सहज वाळत नाही. एक्सपीएसच्या पेशी बंद असतात. ३२ ते ३६ किलो प्रति घनमीटर घनतेच्या, कमीत कमी २५० किलोपास्कल दाब सोसणाऱ्या, कडेला खाच असलेल्या पाट्या मागवाव्यात. फवाऱ्याचा पीयूएफ (पॉलियुरेथेन फोम) त्याच जाडीत जास्त रोध देतो (वाहकता ०.०२५च्या आसपास) आणि त्याला सांधे नसतात, पण उन्हात तो पिवळा पडून भुरभुरतो, आणि जाडी सारखी राखणे सर्वस्वी फवारणाऱ्याच्या हातात असते. तो निवडला तर दर काही मीटरवर सुई टोचून जाडी मोजून घ्यावी.

वजन

हे काम ठरवताना सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट. पाट्यांचे वजन नगण्य, चौरस मीटरला १.७ किलो. पण त्यांवर ५० मिमी काँक्रीटचा संरक्षक थर येतो, तो ११५ किलो. ९० चौ.मी.ला साडेदहा टन. अशी भर जुन्या स्लॅबवर स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याशिवाय टाकायची नाही, कंत्राटदार काहीही म्हणो. या घरात डागडुजीचा ४० मिमी थर ठिकठिकाणी पोकळ वाजत होता. तो काढल्याने चौरस मीटरला सुमारे ८५ किलो उतरले. निव्वळ भर ३० किलोंच्या आसपास राहिली, एकूण पावणेतीन टन, आणि तेवढ्याला अभियंत्याची संमती मिळण्यासारखी होती. थर काढताना मोठा ब्रेकर वापरू नये. छिन्नी-हातोडा किंवा हलके यंत्र; राडारोडा गच्चीत एका जागी ढीग करून न ठेवता रोज उतरवावा. ढिगाखालच्या दोन-तीन चौरस मीटरवर दर चौरस मीटरला पडणारा भार नव्या कामाच्या भारापेक्षा कितीतरी जास्त असतो.

काम

वेळ पावसाळ्याच्या आधीची, पण पहिल्या सरींच्या किमान महिनाभर अगोदर. ओला कोबा वॉटरप्रूफिंगखाली कोंडला तर ते पाणी वाफ होऊन वॉटरप्रूफिंगला फुगे आणते किंवा खाली छताला डाग पाडते.

थर उतरवल्यावर उरलेला कोबा हातोडीने ठोकून तपासायचा, पोकळ भाग चौकोनी कापून भरायचा, भेगा व्ही-आकारात उघडून पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने बुजवायच्या. उतार पाहायचा: पाण्याच्या वाटेकडे किमान १०० मिमीला १ मिमी. खळगे आत्ताच भरून घ्यायचे, कारण पाट्यांखाली साचलेले पाणी नंतर कुणाला दिसत नाही. ओल आहे का हे पाहायला अर्धा मीटर चौकोनी प्लास्टिक चारी कडांना टेपने चिकटवून एक पूर्ण रात्र आणि सकाळ ठेवावे. खालून दव धरले तर आणखी वाळू द्यावे.

त्यावर वॉटरप्रूफिंगचा द्रवरूप लेप, दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. गच्ची आणि कठडा मिळतात त्या कोपऱ्यात आधी मसाल्याची गोलाई आणि लेपात काचतंतूची पट्टी. लेप कठड्यावर किती वर न्यायचा याचे माप जुन्या गच्चीपासून नव्हे, नव्या पृष्ठभागापासून घ्यायचे. पाट्या आणि संरक्षक थर मिळून पृष्ठभाग कोब्यापासून १०० मिमी वर येणार आहे, म्हणून लेप कोब्यापासून किमान २५० मिमी. हेच माप जिन्याच्या खोलीच्या उंबरठ्याला लागू होते आणि तिथे ते हमखास चुकते. पृष्ठभाग वर आला, उंबरठा होता तिथेच राहिला, आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी जिन्यावरून खाली. या घरात उंबरठा कामाच्या पहिल्याच टप्प्यात उंच करून घ्यायचा ठरला, कारण शेवटी तो करायला लेप फोडावा लागतो.

लेप वाळल्यावर पाणी जाण्याच्या वाटा बंद करून गच्चीत ४८ तास पाणी बांधून ठेवायचे. खाली छतावर ओल दिसली तर पुढे जायचे नाही. एकदा वर काँक्रीट पडले की गळती शोधणे म्हणजे सगळे उपसणे.

मग पाट्या. १२५० बाय ६०० मिमीची एक पाटी ०.७५ चौ.मी., म्हणजे ९० चौ.मी.ला १२०, कापाकापीसाठी पाच टक्के धरून १२६. त्या चिकटवायच्या नाहीत, सुट्या अंथरायच्या, विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवून, खाचा एकमेकींत बसवून. ३ मिमीहून मोठी फट राहिली तर पाटीचीच चिरफळी कापून ठोकायची. मसाल्याने भरलेली फट म्हणजे उष्णतेला आयता मार्ग. कठड्याच्या आतल्या बाजूला ३० मिमी पाटी, ३०० मिमी उंचीपर्यंत. परिघ ३८ मीटर, म्हणजे साडेअकरा चौ.मी., १६ पाट्या. ही उभी पट्टी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. मग गच्चीचा मध्य थंड, पण कठड्यातून उतरलेली उष्णता स्लॅबच्या कडेने आत येते आणि भिंतीलगतचे छत गरम राहते. टाकीच्या चौथऱ्यांभोवतीही तशीच पट्टी.

पाट्यांबाबत दोन गोष्टी कारागिरांना आधीच बजावून ठेवाव्यात. एक्सपीएस साधारण ७५ अंशांपर्यंतच टिकते. काळ्या प्लास्टिकखाली उन्हात ठेवलेला गठ्ठा त्याच्या पुढे सहज जातो आणि पाट्या वाकतात. वाकलेली पाटी पुन्हा सरळ बसत नाही. आणि पेट्रोल, थिनर किंवा तसल्या द्रावकाचा गोंद तिला विरघळवतो. तापवलेले डांबरही तिच्यावर ओतता येत नाही. जेवढ्या पाट्या त्या दिवशी झाकून होतील तेवढ्याच अंथराव्यात. वाऱ्याने उडतात हे वेगळेच.

पाट्यांवर जिओटेक्स्टाइल कापड, २०० मिमी एकमेकांवर चढवून, १०५ चौ.मी. पुरते. त्याचे काम काँक्रीटचा चीक सांध्यांत उतरू न देणे. त्यावर ५० मिमी काँक्रीट, १० मिमी खडीचे, मध्यावर वेल्ड केलेली जाळी. जाळी पाट्यांवर पडलेली राहिली तर ती नसल्यासारखीच. खाली मसाल्याचे छोटे ठोकळे ठेवून उचलावी. दोन मीटर चौकोनांचे खण पाडून मध्ये ८ मिमी सांधे, कठड्यालगत २० मिमी, ते नंतर लवचीक सीलंटने भरायचे. पाट्या किंचित दबतात आणि वरचा थर उन्हात प्रसरण पावतो. सांधे न सोडलेला अखंड थर पहिल्याच उन्हाळ्यात फुटतो आणि कठड्याला बाहेर ढकलतो. पाणी किमान सात दिवस मारायचे. शेवटी पांढरा परावर्तक लेप, किंवा पांढऱ्या फरशीचे तुकडे. गुळगुळीत फरशी पावसात घसरडी होते, हे धुणे वाळत घालणाऱ्याला विचारून ठरवावे.

पाणी जाण्याच्या वाटेबद्दल स्वतंत्र सांगायला हवे. या रचनेत पाणी दोन पातळ्यांवर वाहते: थोडे संरक्षक थरावरून, थोडे सांध्यांतून झिरपून पाट्यांखाली लेपावरून. वाटेचे तोंड लेपाच्या पातळीला असले पाहिजे आणि वर जाळीचे भांडे असे, की दोन्ही पाणी आत येईल. गवंडी सवयीने तोंड नव्या पृष्ठभागाला आणून बंद करतो. मग पाट्यांखाली कायमचे तळे साचते, पाट्या तरंगू पाहतात, सांध्यांतून रोपे उगवतात.

खिडक्या आणि फटी

पश्चिमेचे ऊन तिरपे, सूर्य खाली आलेला असताना येते. वर छज्जा वाढवून ते अडत नाही. आतला जाड पडदा उजेड अडवतो, पण तोपर्यंत उष्णता काचेच्या आत आलेली असते; पडदा तापतो आणि खोलीला देतो. सावली काचेच्या बाहेर हवी. बाहेरून गुंडाळता येणारा बांबूचा चिक किंवा फिकट कापडाचा पडदा, काचेपासून १०० मिमी अंतरावर, वर हवा निसटायला जागा सोडून. चांगली बाहेरची सावली आत येणारे ऊन एक पंचमांशाच्या आसपास आणू शकते, म्हणजे १,९०० वॉटचे ३८०च्या आसपास. काळी फिल्म बाहेरच्या सावलीची बरोबरी करत नाही आणि हिवाळ्यातले हवेसे ऊनही कायमचे अडवते.

एसीच्या खोलीत सरकत्या खिडकीच्या झिजलेल्या ब्रश पट्ट्या बदलायच्या, दाराखाली पट्टी लावायची, एसीच्या नळ्यांभोवतीचे भोक बुजवायचे. अर्ध्या दिवसाचे काम. पण गॅसची शेगडी आणि गॅसवरचा गिझर असलेल्या जागांच्या झरोक्यांना हात लावायचा नाही. तिथे कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जातो.

काम जमले की नाही

काम झाल्यावर तशाच निरभ्र तीन दिवसांत, त्याच वेळांना, त्याच जागी नोंदी घ्याव्यात. गणिताने छत आणि खोलीची हवा यांतला सरासरी फरक आधी ४.७ अंश येतो, नंतर अर्धा अंश. रात्री नऊला छताचा मध्य हवेपेक्षा दोन अंशांहून जास्त गरम दाखवत असेल तर काहीतरी चुकले आहे. फक्त कडेला गरम असेल तर कठड्याची उभी पट्टी पाहावी. ठिपक्यांनी गरम असेल तर पाट्यांतल्या फटी. सगळीकडे सारखेच गरम आणि पाऊस होऊन गेलेला असेल तर पाट्यांखालचे पाणी. संरक्षक थर ओतल्यावर लगेच घेतलेल्या नोंदी धरू नयेत. आत अडकलेली जुनी उष्णता बाहेर पडायला स्लॅबला काही दिवस लागतात, आणि त्या दिवसांत रात्री खिडक्या सताड उघड्या ठेवलेल्या बऱ्या.

विजेबाबत अपेक्षा माफक ठेवावी. झोपायच्या खोलीच्या छतातून दिवसाला ९.२ युनिट उष्णता येत होती, ती १.१वर येते, एसीच्या विजेत ती दिवसाला फार तर पावणेतीन युनिट बचत, आणि तीही एसी दिवसभर चालवून २७ अंश राखले तर. रात्रीच एसी लावणाऱ्या या घरात बचत त्याहून कमी राहील. मोठा फायदा बिनाएसीच्या खोल्यांचा आहे: बैठक आणि दुसरी खोली संध्याकाळी पुन्हा वापरात येतात, आणि तिथे नवा एसी बसवायची वेळ येत नाही. दुसऱ्या एसीचा जो खर्च आणि वीज टळते, ती कुठल्याच बिलात दिसत नाही.

असलेला दीड टनाचा एसी आता या खोलीला मोठा पडेल. इन्व्हर्टर असेल तर तो वेग कमी करून चालेल. स्थिर वेगाचा असेल तर हवा पटकन गार करून वारंवार थांबेल आणि पावसाळ्यात दमटपणा नीट काढणार नाही. सेटिंग २६-२७ आणि पंखा मंद ठेवल्यास हे बरेच आटोक्यात राहते. यंत्र लगेच बदलू नये. आयुष्य संपेल तेव्हा एक टनाचे इन्व्हर्टर घ्यावे.

वर्षातून दोनदा गच्चीवर जायचे. उन्हाळ्याआधी पृष्ठभाग धुऊन सांध्यांतला सीलंट सुटला असेल तिथे भरायचा. पावसाआधी वाटांच्या जाळ्या काढून, आत हात घालून, लेपाच्या पातळीपर्यंतचा गाळ काढायचा. आणि टीव्हीची डिश, सौर पॅनेल किंवा मंडपाचा खांब बसवायला येणाऱ्या कुणालाही गच्चीला भोक पाडू द्यायचे नाही. १०० मिमी खोल भोक थेट लेपातून जाते. पॅनेलचे पाय जड काँक्रीट ठोकळ्यांवर, रुंद तळाचे, जागा आणि वजन अभियंत्याला विचारून.